सोसाट्याचा वारा म्हणजे नेमका किती वारा?

वैशाख अर्धा सरला की भ्रमणध्वनीवर एक ठरावीक इशारा येऊ लागतो. पुढील ३ तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडेल, विजांचा कडकडाट होईल आणि ताशी ३० ते ४० किमी वेगाने सोसाट्याचा वारा वाहील, असा त्याचा साधारण मजकूर असतो. काही दिवशी हाच आकडा ४० ते ५० होतो, कधी ५० ते ६०, परंतु वाऱ्याचे विशेषण बदलत नाही. इशारा वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण आकडा सोडून देतात आणि शब्दावरून अंदाज बांधतात, कारण शब्द ओळखीचा आहे आणि ताशी ४० किमीचा वारा अंगावर कसा लागतो याची कल्पना फार थोड्यांना असते. म्हणून हा ओळखीचा शब्द नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा नीट पाहावे असे वाटले.

'सोसाटा' हे नाम एकटे फारसे कोणी वापरत नाही. ते 'सोसाट्याचा' किंवा 'सोसाट्याने' अशा रूपांतच भेटते. झपाटा, सपाटा, सोसाटा या शब्दांची ठेवण एकसारखी आहे आणि तिघांतही जोर आणि आकस्मिकता आहे. सोसाट्यात त्याखेरीज आवाजही आहे. दाराखिडक्यांच्या फटींतून, विजेच्या तारांमधून किंवा माडाच्या झावळ्यांमधून वारा जोराने घुसला की जो सूंऽ सूंऽ आवाज निघतो, तो या शब्दात उमटलेला आहे. झुळूक अंगाला कळते, बोचरा वारा कातडीला कळतो, सोसाट्याचा वारा मात्र घरात बसलेल्या माणसालाही आधी कानांनी कळतो. या शब्दाने वाऱ्याचा वेग मोजलेला नाही, त्याची वागण्याची तऱ्हा सांगितलेली आहे. वारा अचानक सुटतो, एकसारखा न वाहता झोतांनी येतो, आवाज करतो आणि थोड्या वेळात पडतो. तासन्‌तास एका वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याला, तो कितीही जोराचा असला तरी, सोसाट्याचा म्हणायला जीभ जरा कचरते. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळपठारावर, किंवा घाटमाथ्यावर आषाढात दिवसभर जो वारा असतो त्याला आपण भणाण म्हणू, भन्नाट म्हणू.

जोराच्या वाऱ्यांना वेगवेगळी नावे देण्याची हौस जुनी आहे. अमरकोशात 'प्रकम्पनो महावातो झञ्झावातः सवृष्टिकः' असा चरण आहे. मोठा वारा तो प्रकंपन आणि त्याच्याबरोबर पाऊस असेल तर तो झंझावात, असा हा काटेकोर भेद आहे. मराठीने त्यातला प्रकंपन सोडून दिला आणि झंझावात ठेवला, पण त्यातला पाऊस गाळला. आता झंझावात बहुधा नेत्यांच्या दौऱ्यांना जोडून येतो आणि त्याचा हवामानाशी संबंध उरलेला नाही. 'तुफान'चे तेच झाले. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत आधी समुद्रावरच्या वादळासाठी रुळला. आज तो गर्दीला, विक्रीला आणि विनोदाला लागतो. 'वादळ' या शब्दाचा प्रवास त्याहून रंजक आहे. गुजरातीत वादळ म्हणजे साधा ढग, हिंदीतला बादल हा त्याचाच भाऊ, आणि मराठीने मात्र ढगाला ढगच ठेवून त्याच्यामागून येणाऱ्या संकटाला वादळ हे नाव दिले. चक्रीवादळाला गुजराती माणूस वावाझोडुं म्हणतो.

यात वावटळीला विसरता येणार नाही. चैत्रात उन्हाने तापलेल्या मोकळ्या रानात धूळ, पाचोळा आणि कागदाचे कपटे गरगरत वर नेणारी ती बारीक उभी भिंगरी म्हणजे वावटळ. आकाश निरभ्र असताना, केवळ जमीन तापल्यामुळे ती उठते आणि मिनिटा-दोन मिनिटांत विरते. बातम्यांमध्ये कधी कधी चक्रीवादळाला हौसेने वावटळ म्हटलेले आढळते. गरगर फिरणे एवढेच साम्य धरून हे केलेले असते. शेकडो किलोमीटर व्यासाच्या गोष्टीला शेताच्या बांधात मावणाऱ्या गोष्टीचे नाव देऊ नये.

ज्याला आपण खऱ्या अर्थाने सोसाट्याचा वारा म्हणतो, तो वळवाच्या पावसाच्या पुढे धावणारा वारा. दुपारभर उकाडा असतो, पान हलत नाही, मग एका बाजूला आभाळ काळे होते. त्या उंच ढगात पाऊस तयार होऊन खाली पडू लागतो तेव्हा खालची हवा कोरडी असते, त्यामुळे बरेच थेंब वाटेतच सुकतात. पाणी सुकताना हवेतली उष्णता घेते, हवा गार होते, गार हवा जड असते म्हणून ती वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चोहीकडे पसरते. पाऊस अजून दोन-तीन किलोमीटरांवर असताना आपल्या अंगावर जो गार, मातीचा वास असलेला झोत येतो तो हाच. पुढे धुळीची भिंत, मागे वारा, त्याच्यामागे टपोरे थेंब असा हा क्रम बहुधा चुकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नगर-नाशिककडे उघड्यावर कांदा पडलेला असतो, तेव्हा या क्रमातली पहिली झुळूक आणि पहिला थेंब यांच्यामधला वेळ हाच माणसांच्या हाती असतो. तेवढ्यात ताडपत्री ओढायची, तिच्या कडांवर दगड किंवा मातीने भरलेल्या गोण्या ठेवायच्या आणि गुरे सोडून गोठ्यात घ्यायची. वारा आधी पोहोचला तर ताडपत्री माणसांच्या हातांतून सुटते आणि एकाच्याने ती धरवत नाही.

हवामानशास्त्रात या वाऱ्याला व्याख्या आहे आणि ती आपल्या शब्दाच्या अर्थाशी चांगली जुळते. वेग अचानक किमान १६ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३० किमीने वाढावा, वाढून तो २२ नॉट म्हणजे ताशी सुमारे ४१ किमी किंवा त्याहून अधिक व्हावा आणि ही स्थिती किमान १ मिनिट टिकावी, अशी ती जागतिक हवामान संघटनेची व्याख्या आहे. वेग किती आहे यापेक्षा तो किती झटकन वाढला, यावर तिचा भर आहे. इंग्रजीत याला 'स्क्वॉल' म्हणतात आणि मिनिटभरही न टिकणाऱ्या झोताला 'गस्ट'. मराठी इशाऱ्यात दोन्हींसाठी सोसाट्याचा वारा हाच शब्द येतो. याची मला तक्रार नाही, कारण घरातल्या माणसाने करायचे ते दोन्ही वेळी सारखेच असते. तक्रार आहे ती शब्दाशेजारच्या आकड्याकडे दुर्लक्ष करण्याच्या सवयीची.

कारण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्रा वाऱ्याच्या थेट समोर उभा धरला तर ताशी ४० किमीच्या वाऱ्याचा त्यावरचा रेटा साधारण २२ किलो वजनाइतका होतो, ८० किमीला ८६ किलो आणि १२० किमीला १९३ किलो. छपरावरच्या पत्र्याचे गणित थोडे निराळे असते, कारण तिथे वारा वरून ओढतो आणि घरात शिरलेला वारा खालून उचलतो. म्हणूनच पत्रा खाली दबत नाही, उडतो, आणि उडतो तो बहुधा छपराच्या कडेकडून, जिथे हूक आणि खिळे गंजलेले असतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीच्या वादळात घाटकोपरला जो जाहिरात फलक कोसळला आणि ज्याखाली १७ माणसे दगावली, तो १२० फूट लांब आणि तितकाच रुंद होता. एवढ्या पृष्ठभागावर ताशी ८० किमीचा वारा समोरून आला असे धरले तर रेटा ४० टनांच्या पुढे जातो. त्या दिवशी समुद्रात कुठलेही चक्रीवादळ नव्हते; तो वळवाच्या ढगापुढचा वारा होता, आपल्या साध्या शब्दात सोसाट्याचा.

इमारतींची आखणी करणाऱ्या अभियंत्यांसाठी भारतीय मानकात प्रत्येक भागाचा वाऱ्याचा मूळ वेग दिलेला असतो. मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी आहे आणि पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किमी. नागपूर समुद्रापासून इतके दूर असूनही त्याचा आकडा मुंबईएवढाच आहे, हे वाचून पुष्कळांना नवल वाटते. विदर्भातल्या उन्हाळी ढगांचा जोर ज्यांनी पाहिला आहे त्यांना वाटणार नाही. हा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या ३ सेकंदांच्या झोताचा असतो. वाऱ्याचा वेग सांगताना तो किती वेळाच्या सरासरीचा आहे हे सांगितले नाही तर आकडा अर्धाच राहतो, कारण त्याच वाऱ्याची ३ मिनिटांची सरासरी काढली तर ती झोताच्या वेगाहून बरीच खाली येते. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचा वेग ३ मिनिटांच्या सरासरीने सांगतो, अमेरिकेत ती १ मिनिटाची धरतात, आणि म्हणून एकाच वादळाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की समाजमाध्यमांवर उगाच वाद पेटतात.

जळगाव जिल्ह्यात, विशेषतः रावेर आणि यावलच्या केळीच्या पट्ट्यात, या सगळ्याला रोकड अर्थ आहे. केळीची मुळे उथळ, पान रुंद आणि निसवलेल्या झाडावर घडाचे ओझे; वाऱ्याला याहून सोपे लक्ष्य मिळणे कठीण. मे-जूनमधल्या एका संध्याकाळी बाग आडवी होते आणि बाग आडवी झाली म्हणजे वर्षाचा हिशेब संपला. म्हणून शेतकरी बागेच्या कडेने शेवरी किंवा उंच वाढणारे गवत लावून वारा अडवतात, घडाच्या झाडांना टेकू देतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी वाऱ्याचा वेग हा एक निकष असतो आणि तिथे कागदावर 'वेगाचा वारा' असा शब्द येतो. सोसाट्याचा हा शब्द तिथे चालणार नाही हे उघड आहे, कारण भरपाई आवाजाला देता येत नाही, आकड्याला देता येते. अडचण पुढे आहे. आकडा महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर नोंदवला जातो आणि ढगातून कोसळलेला झोत कधी कधी इतका अरुंद असतो की एका शिवारातल्या बागा झोपतात आणि शेजारच्या शिवारात पान फाटत नाही. केंद्र त्या दुसऱ्या शिवारात असेल तर यंत्रातला वारा साधा राहतो. अशा वेळी तलाठ्याच्या पंचनाम्यात 'सोसाट्याच्या वाऱ्यामुळे बाग जमीनदोस्त' असे लिहिले जाते आणि विम्याच्या नोंदीत वेग निकषाच्या खाली असतो. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे असतात, म्हणून हा तंटा लवकर मिटत नाही.

किनाऱ्यावरची भाषा यापेक्षा निराळी आहे आणि मला ती अधिक पक्की वाटते. तिथला जाणता माणूस वाऱ्याला विशेषणे लावत बसत नाही. तो म्हणतो, बंदरात तीन नंबरचा बावटा लागला. बंदरांवर लावायच्या खुणांची ही जुनी पद्धत ११ क्रमांकांची आहे आणि त्यांतला तिसरा क्रमांक म्हणजे या बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, अशी स्थानिक सावधगिरीची खूण. बावटा तीनचा असला की होड्या बाहेर पडत नाहीत आणि बाहेर गेलेल्या जवळच्या खाडीत आसऱ्याला येतात. बाहेर पडायचे की नाही, हे त्या एका आकड्यावरून कळते. पावसाळ्यात महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यासाठी ताशी ४५ ते ५५ किमी आणि झोतांत ६५ किमीपर्यंत, असे इशारे वारंवार निघतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदीच असते, त्यामुळे या इशाऱ्यांचा खरा कस ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू झाल्यावर लागतो.

या ४५ आणि ६५ च्या मध्ये एक महत्त्वाची रेघ आहे. वाऱ्याची सरासरी ताशी ६२ किमीवर गेली, म्हणजे ३४ नॉट झाली, की समुद्रातल्या कमी दाबाच्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच तिला नाव मिळते. ८९ पासून ते तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र, आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ, जसे २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. म्हणजे 'वादळ' हा शब्द, निदान समुद्रापुरता, मोजमापाच्या चौकटीत बसलेला आहे आणि 'सोसाट्याचा' तसा बसलेला नाही. 'वादळी वारा' हा जो मधला शब्द वर्तमानपत्रांत सर्रास येतो, तो या दोन्हींमध्ये लोंबकळतो. गल्लीतल्या पावसाआधीचा वाराही वादळी आणि चक्रीवादळाचाही वादळी. हवामानाच्या बातमीत तो टाळला तर काही बिघडणार नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याची सरासरी ताशी ११० ते १२० किमीच्या आसपास होती. श्रीवर्धन तालुक्यात आमच्या नात्यातल्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. तिथल्या मामांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट मला कुठल्याही आकड्यापेक्षा उपयोगी वाटते. सकाळी वारा जमिनीकडून, आग्नेयेकडून येत होता आणि पोफळी समुद्राकडे वाकत होत्या. दुपारी तो अचानक पडला. वाडीत काम करणारा गडी कौले बघायला बाहेर निघाला तेव्हा मामांनी त्याला दारात अडवले, 'थांब, वारा फिरेल.' थोड्या वेळाने तो समुद्राकडून आला आणि सकाळी ज्या पोफळी एका बाजूला वाकून सैल झाल्या होत्या, त्या उलट दिशेच्या रेट्याने मुळांसकट गेल्या. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, त्यामुळे केंद्र डोक्यावरून गेले की दिशा जवळजवळ उलटी होते. मामांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. घरात आधीच्या वादळांची आठवण होती. नवी पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, तेव्हा त्या वाडीचा हिशेब आता कुठे जुळू लागला असेल.

म्हणजे वारा 'सुटला', 'पडला', 'फिरला', 'उठला' ही आपली साधी क्रियापदे विशेषणांपेक्षा अधिक नेमकी आहेत. इशारे लिहिणाऱ्यांनी त्यांचा उपयोग अधिक करावा असे मला वाटते. 'केंद्र जवळून जाताना वारा काही काळ पडेल आणि मग उलट दिशेने सुटेल, तोवर बाहेर पडू नये' हे वाक्य किनाऱ्यावरच्या कोणत्याही माणसाला कळेल. त्याऐवजी 'वाऱ्याची दिशा परिवर्तित होण्याची शक्यता' असे लिहिले तर ते वाचले जाईल आणि विसरले जाईल.

लिहिण्याबोलण्यात अलीकडे शिरलेल्या दोन गोष्टींचा उल्लेख करून थांबतो. पहिली म्हणजे 'जोराची हवा सुटली' किंवा 'तेज हवा' हा हिंदीच्या सहवासातून आलेला प्रयोग. हिंदीत हवा म्हणजे वाराही. मराठीत हवा थंड असते, दमट असते, हवा बदलायला माणसे महाबळेश्वरला जातात, पण वाहतो तो वारा. दुसरी गोष्ट म्हणजे 'सुसाट' आणि 'सोसाट्याचा' यांची सरमिसळ. सुसाट हे गतीचे क्रियाविशेषण आहे, ते गाडीला, घोड्याला आणि वाऱ्यालाही चालते. सोसाट्याचा हे मात्र वाऱ्याचेच, फार तर त्याच्याबरोबर आलेल्या पावसाचे. 'सोसाट्याची गाडी' कोणी म्हणत नाही, तरी 'सुसाट्याचा वारा' असे संकररूप छापील मजकुरातही दिसू लागले आहे. आणि इशाऱ्यात आकडे देताना सरासरी आणि झोत असे दोन वेग वेगळे दिले, तर 'सोसाट्याचा' या शब्दाने ऐकणाऱ्याला जे झोतांचे आधीच सांगितले आहे, त्याला मापाचीही जोड मिळेल.